फोटोशॉप, कोरल, इनडिझाइन : एकातच सगळं करू नकोस
अरे, जत्रेतल्या नाटकाचं पोस्टर आणि मंडळाची स्मरणिका दोन्ही फोटोशॉपमध्येच करणार म्हणतोस, तसं करू नको रे. फोटोशॉप फक्त फोटोसाठी ठेव, कलाकारांचे चेहरे कापणं, उजेड-रंग सुधारणं वगैरे, आणि पीएसडी (फोटोशॉपची स्वतःची फाइल) लेयरसकट, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर वेगळे ठेवून, सेव्ह कर. लोगो आणि नाटकाच्या नावाची अक्षरं इलस्ट्रेटर नाहीतर कोरलमध्ये, कारण ते व्हेक्टर असतं, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांच्या गणितानं बनलेलं, व्हिजिटिंग कार्डावर टाक की फोंड्याच्या नाक्यावरच्या फ्लेक्सवर, कडा फाटत नाहीत. स्मरणिकेची पानं मात्र इनडिझाइनमध्येच लाव आणि तिथे फोटो कॉपी-पेस्ट न करता प्लेस कमांडनं आण, तो मूळ फाइलशी जोडलेला राहतो, म्हणजे उद्या पीएसडीत बदल केलास की लिंक अपडेट केली की काम झालं.

आता मराठीचं, इथेच सगळे अडकतात. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर (मराठीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सेटिंग) निवड, इलस्ट्रेटरच्या टाइप प्रेफरन्समध्ये इंडिक ऑप्शन्स चालू कर, नाहीतर जोडाक्षरं तुटतात आणि वेलांटी भलतीकडे जाते. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टातला मजकूर कोणी दिला तर आधी युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) कन्व्हर्ट करून घे आणि नीट वाच, अगदी प्रत्येक ओळ, कारण देणगीदाराचं नाव चुकीचं छापलेलं मला तरी बघवत नाही.

म्हापशाच्या प्रेसवाल्याकडे कोरल असेल तर फाइल द्यायच्या आधी अक्षरांचे कर्व्ह कर (म्हणजे अक्षरं आकृत्या होतात, फॉन्ट लागत नाही), पण एडिट होणारी कॉपी वेगळी ठेव हां. छपाईचे फोटो खऱ्या साइजला 300 डीपीआय (इंचाला ठिपके), रंग सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे), चारी बाजूंनी 3 मिमी ब्लीड (कापताना जाणारा जादा भाग), आणि शक्यतो पीडीएफच दे.