एक एकर विकण्याआधी मुलीला बोलू द्या

प्रश्न : मॅडम, मी सांगोला तालुक्यातला शेतकरी. आम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. दोन एकर डाळिंब होतं. तेल्या आणि मर रोगाने बाग गेली, झाडं उपटून टाकली. मुलगी बारावी झाली. दोन्ही ग्रुपची सीईटी दिली. पीसीबीला (जीवशास्त्राचा ग्रुप) ९३ पर्सेंटाइल, पीसीएमला (गणिताचा ग्रुप) ६१. कोल्हापूरच्या सरकारी कृषी महाविद्यालयात तिला जागा मिळते आहे. पुण्याजवळचं एक खासगी कॉलेज मॅनेजमेंट कोट्यातून एआय इंजिनीअरिंगची सीट द्यायला तयार आहे, पण फीशिवाय तीन लाख रोख मागतात. त्यासाठी एक एकर विकायला काढलं आहे, इसारही घेतला. तिला आधी कृषीला जायचं होतं. अभ्यास सोडून बागेतली पानं वहीत चिकटवत बसायची, मार्क त्यातच गेले. पण जमीन विकतोय म्हटल्यापासून काही बोलत नाही, म्हणजे तिलाही पटलंय. शेतीची डिग्री घेऊन परत शेतातच यायचं, तर शिकायचं कशाला? कोणतं कॉलेज घेऊ, तेवढं सांगा.

उत्तर : दादा, कॉलेजचं नंतर बघू. ‘जमीन विकतोय म्हटल्यापासून काही बोलत नाही, म्हणजे तिलाही पटलंय’ या तुमच्या ओळीपाशी मी थांबले आहे.

तिला पटलेलं नाही. बाप आपल्यासाठी जमीन विकायला निघालाय, इसार घेऊन बसलाय, अशा वेळी अठरा वर्षांच्या मुलीने बोलायचं तरी काय? नको म्हणावं तर बापाच्या त्यागाला लाथ मारल्यासारखं, हो म्हणावं तर स्वतःशी खोटं. म्हणून ती गप्प आहे. तुम्ही तिच्यापुढे दोन कॉलेजं ठेवलीत असं तुम्हाला वाटतंय, पण इसार घेतला त्या दिवशी तिची निवड संपली.

पुढचाही विचार करा. इंजिनीअरिंगच्या पहिल्याच वर्षी एम-वन, एम-टू हे गणिताचे पेपर असतात. तिचे पीसीएमचे ६१ पर्सेंटाइल सांगतात की तिला तिथे झगडावं लागेल. झगडून जमतंही, त्यात काही वावगं नाही. पण केटी लागली, म्हणजे विषय राहिला, की इतर मुलं वैतागतात आणि पुन्हा परीक्षा देतात. तुमच्या मुलीला प्रत्येक केटीबरोबर ते विकलेलं रान आठवेल. शाखा चुकली असं वाटलं तरी ती तुम्हाला सांगणार नाही. असं ओझं घेऊन बसलेली मुलं मी पाहिली आहेत. ती घरी फोन करायचंच टाळू लागतात.

तुमचा हेतू मला दिसतो. दोन एकर बाग स्वतःच्या हाताने उपटून काढलेल्या माणसाला आपलं लेकरू या मातीपासून लांब जावं असं वाटणारच. त्या नुकसानीचं दुःख मोठं आहे. पण ते तुमचं आहे, त्यावरून तिची शाखा ठरवू नका.

आता ‘शेतीची डिग्री घेऊन परत शेतातच यायचं’ याबद्दल. हा गैरसमज गावोगाव आहे आणि त्यापायी चांगली मुलं नको तिथे जातात. बी.एस्सी. कृषीच्या चार वर्षांत नांगर धरायला शिकवत नाहीत. मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, अनुवंशशास्त्र, कृषी अर्थशास्त्र असे विषय असतात, प्रयोगशाळा असते. शेवटच्या वर्षी मुली ‘कृषिकन्या’ म्हणून गावात राहून शेतकऱ्यांना बीजप्रक्रिया, माती परीक्षण करून दाखवतात. तुमच्या भागात घरोघरी लागलेला डाळिंबाचा भगवा वाण राहुरीच्या कृषी विद्यापीठानेच दिला, आणि कोल्हापूरचं ते महाविद्यालय त्याच विद्यापीठाचं आहे. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र तर तुमच्याच जिल्ह्यात, सोलापूरजवळ केगावला आहे. तेल्या हा बुरशीचा नाही, जिवाणूंमुळे होणारा रोग आहे. म्हणून दुकानदाराने दिलेल्या नुसत्या बुरशीनाशकावर भागत नाही. हा फरक ओळखणारी, त्यावर काम करणारी माणसं याच पदवीतून पुढे गेलेली असतात. त्यातली कितीतरी शेती करत नाहीत. जी करतात, ती वेगळ्या डोळ्यांनी करतात.

आणि ती वही. मार्क खाल्ले म्हणून तुम्ही तिच्यावर राग धरलाय. पण रोगट पान काढायचं, ते वहीत चिकटवून ठेवायचं, रोगशास्त्राच्या कामाची सुरुवात अशीच होते. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. घरची बाग डोळ्यांदेखत जात असताना ही मुलगी ती का जातेय हे बघत होती. मी तुमच्या जागी असते तर आज रात्री ती वही मागून घेतली असती आणि तिच्याशेजारी बसून पानन् पान बघितली असती.

कृषीचंही गोड चित्र रंगवत नाही. सरकारी जाहिराती उशिरा निघतात आणि पदवीनंतर पुण्याच्या अभ्यासिकांत पाच-पाच वर्षं घालवणारी मुलं कमी नाहीत. एमपीएससीची कृषी सेवा, बँकांची कृषी अधिकारीपदं, एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा हे मार्ग सगळ्यांना माहीत आहेत. तुमच्या मुलीने पहिल्यापासून एम.एस्सी. डोळ्यांसमोर ठेवावं, शक्यतो रोगशास्त्रात.

पैशाचं मात्र स्पष्ट सांगते. प्रवेशासाठी ठरलेल्या फीशिवाय वर रोख मागणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी घेण्यावर १९८७च्या कायद्याने बंदी आहे. जे कॉलेज पहिल्याच भेटीत पावतीशिवाय तीन लाख मागतं, ते पुढची चार वर्षं कसं वागेल याचा अंदाज तुम्हीच करा. दुसरं, २०२४-२५पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र जागा कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेली हवी, मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. म्हणजे जिथे सरकार तुमच्या मुलीची फी भरेल ते दार सोडून, जिथे सगळं तुम्हाला भरावं लागेल त्या दारात तुम्ही जमीन विकून उभे आहात.

उद्या ती मनापासून म्हणाली की मला कॉम्प्युटरच करायचंय, तर जरूर करू द्या. पीसीएमच्या गुणांवर कॅपमधून सोलापूर-पंढरपूरकडे जे मिळेल ते बघा. तिथेही ही माफी लागू होते. थोडक्यात, ती काहीही म्हणाली तरी जमीन विकायची गरज नाही. हे तिला आधी सांगा. ‘व्यवहार मोडला, आता तुला काय हवंय ते बोल,’ एवढंच म्हणा आणि उत्तराची घाई करू नका. चार दिवस लागतील. तिच्या आईला बोलू द्या, तुम्ही ऐका. मला पुढचं पत्र तिने स्वतः लिहिलं तर फार बरं होईल.

दरम्यान कागदांची धावपळ करा. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र हे तिन्ही तपासून घ्या. वैधतेचं काम रखडलं असेल तर समितीच्या कार्यालयात स्वतः जा, मुदत कोणासाठी थांबत नाही. आणि इसार परत कराल तेव्हा दोन साक्षीदारांसमोर, लेखी पावती घेऊनच करा.