सरकारी दवाखान्यात समुपदेशनाची पुढची तारीख महिन्याने मिळते. मधल्या दिवसांत आधार कुठून मिळवायचा?

मधले दिवसच जड जातात, हे मी घरात बघितलंय. माझ्या धाकट्या भावाचे उपचार चालू होते तेव्हा तासगावहून एसटीने सांगलीला यायचं, दोन तास रांगेत बसायचं आणि आत गेल्यावर दहा मिनिटांत काय सांगायचं तेच तो विसरायचा. मग आम्ही शंभर पानी वही केली. रोज रात्री दोनच ओळी: झोप किती झाली, मनात काय आलं. केसपेपरबरोबर तीच वही डॉक्टरांपुढे ठेवायची. त्या दहा मिनिटांचं सोनं झालं.

आता १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आधारासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. फार बिघडल्यावरच करायचा असं काही नाही, रात्री नुसतं घाबरायला झालं तरी करा.

समुपदेशकांना पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा, 'मध्येच त्रास वाढला तर कुणाला भेटू?' तारीख नसली तरी त्रास वाढल्यावर ओपीडीत जाता येतं. बरेच जण उगाच तारखेची वाट बघत सोसत बसतात. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी आणा, स्वतःहून बंद करू नका.

घरातल्या एकाला तरी सगळं सांगून ठेवा. भाऊ आणि मी संध्याकाळी चालायला जायचो, बऱ्याचदा न बोलता.

जीव द्यावासा वाटला तर मात्र एकटं राहू नका. शेजारच्याला उठवा, ११२ किंवा १०८ ला फोन करा, थेट अपघात विभागात जा.