उत्तर : स्पॅनिश बोलूनही लोक परत का येत नाहीत?

अमेरिकेत, ह्यूस्टनच्या दवाखान्यात तुम्ही स्पॅनिश शिकून प्रेपची (एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायच्या औषधाची) माहिती देता, समोरचा ‘सी, सी’ (हो, हो) म्हणतो आणि पुन्हा फिरकत नाही, हे वाचून राहवलं नाही. मी हेच भोगलंय, कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ, शेतमजुरांच्या दवाखान्यात. (मी डॉक्टर नाही. औषधांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. खालचे तपशीलही बदललेत.)

प्रेप धोक्याच्या आधी घ्यायची आणि पेप धोका होऊन गेल्यावर, लागण टाळायला, हा फरक तुम्हाला माहीत असणार, म्हणून थेट माझ्या चुकीवर येतो.

शुक्रवारी दुपारी द्राक्षमळ्यावरचा एक पोरगा आला, मूळचा मेक्सिकोतल्या वाहाकाचा. सोबत आत्येभाऊ. मी स्पॅनिश झाडत होतो, तो मान डोलावत होता. अर्ध्या तासाने कळलं, याची भाषा मिस्तेको, तिथल्या मूळ रहिवाशांची, स्पॅनिशपेक्षा साफ वेगळी. स्पॅनिश बाजारहाटापुरती. दुभाषा जिथून मागवायचा त्या कार्यालयाला फोन लावला, तर पलीकडून, ‘मेक्सिकोचाच ना? मग स्पॅनिश चालेल की.’ मी हट्ट धरला, तर म्हणे फॉर्म पाठवा, सोमवारी बघू. शनिवार-रविवार विषाणूलाही सुट्टी असते बहुतेक!

पण खरी माती मी खाल्ली. आत्येभावालाच म्हटलं, तूच विचार. पुरुषांशी संबंध आला का, हा प्रश्न घरच्या माणसाच्या तोंडून! आपल्या गावाकडे एखाद्या पोराला चुलत्याकरवी हे विचारून बघा. पोरगा म्हणाला, नाही, नुसती कणकण आहे. तापाची गोळी घेऊन गेला.

बुधवारी तो एकटाच आला. संबंध आदल्या गुरुवारी रात्री आला होता. पेप ७२ तासांच्या आत सुरू करावी लागते. पुढचं इथे लिहीत नाही.

तेव्हापासून नातेवाईक दुभाषा म्हणून नाही म्हणजे नाही, आणि पोरंबाळं तर मुळीच नाहीत. माझं मत विचाराल तर समोर बसलेल्या दुभाष्यापेक्षा फोनवरचा परका बरा. त्याच गावचा माणूस समोर असला की कोण तोंड उघडणार? (काहींचा अनुभव उलटा असेल.) देश विचारू नका, गाव विचारा, कारण मिस्तेको गावागणिक बदलते. इंग्रजी-स्पॅनिश-मिस्तेको अशी साखळी लावावी लागली तर वेळ दुप्पट धरा. आणि ‘कळलं का?’ विचारू नका, त्यालाच परत सांगायला लावा.

जाता जाता एक. गोळ्यांच्या डबीवर इंग्रजीत ‘वन्स’ छापलेलं असेल तर खोडून स्पॅनिशमध्ये ‘ऊना वेस आल दिआ’ लिहा. ‘वन्स’चं स्पेलिंग स्पॅनिशमध्ये ‘ओन्से’ वाचतात, म्हणजे अकरा. आणि चाचणी ‘पोसितिवो’, म्हणजे लागण झालेली, हे ऐकून चांगली बातमी समजून हसत घरी गेलेला माणूसही मी पाहिलाय.

तुमच्या ह्यूस्टनला ग्वातेमालाहून आलेले, किचे (तिथल्या माया लोकांची भाषा) बोलणारे पुष्कळ आहेत. तुमचे ‘सी, सी’वाले त्यातले तर नाहीत ना, ते आधी बघा.