शिवणघर : पहिलाच ब्लाऊज घाईनं नको

या महिन्याच्या पत्रांत नव्यानं शिवण शिकणारेच जास्त आहेत. इचलकरंजीत घराच्या सोप्यात एकतीस वर्षं मी क्लास घेतला, त्यामुळं ही पत्रं वाचताना समोर मशीनवर वाकून बसलेल्या मुलीच दिसतात. सगळ्यांना उत्तर देता येत नाही. चार पत्रं घेतली आहेत.

मावशी, मी ३४ वर्षांची आहे. दिवाळीत मशीन घेतलं आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून लगेच सिल्कचा ब्लाऊज कापला. तीनदा शिवला, तिन्ही वेळा पुढं मुंढ्यात (बाही जोडतो त्या गोलाईत) चुण्या आल्या आणि एक बाही ओढल्यासारखी बसली. टेलरची शिलाई परवडेना म्हणून शिकायला निघाले, तर तीन ब्लाऊजपीस वाया गेले. मला हे जमणारच नाही का?
– एक वाचक, बार्शी

अगं, जमणार. चुण्या नेमक्या मुंढ्यात आल्या हे तू ओळखलंस ना, मग नजर तयार आहे. हात मागून येईल.

आधी चूक कुठं झाली असेल ते सांगते. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा साधारण अर्धा इंच जास्त खोल कापायचा असतो. आपण हात सारखा पुढं नेतो, तिथं जादा कापड राहिलं की त्याच्या चुण्या होतात. पाठ आणि पुढा एकावर एक ठेवून एकाच रेघेवर कापलं की हे हमखास होतं. बाहीचंही तसंच. बाहीला पुढची बाजू आणि मागची बाजू वेगळी असते, पुढची जास्त खोलगट. कापड एकाच तोंडानं दोनदा ठेवून बाह्या कापल्या तर दोन्ही एकाच हाताच्या निघतात, मग दुसरी ओढणारच. कापताना सुलट बाजू आत, एकमेकींच्या तोंडाला तोंड लावून ठेव आणि पुढच्या बाजूला खडूनं फुली मार. सोळाव्या वर्षी मी स्वतः दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या कापल्या होत्या. आईनं त्या कापडाची पिशवी शिवायला लावली आणि त्या पिशवीतून पुढं कित्येक वर्षं आमची भाजी आली.

पण माझं खरं सांगणं वेगळं आहे. ब्लाऊज हा पहिला कपडा नव्हे. त्यात टक्स (आकारासाठी कापड दुमडून मारलेल्या टिपा), गोल गळा, मुंढा, अस्तर, हुकपट्टी सगळं एकदम येतं, आणि तू घेतलंस सिल्क, जे सुईखालून सरकतं. तीन आठवडे ब्लाऊज बाजूला ठेव.

पहिले चार दिवस मशीनमध्ये दोरा घालूच नकोस. वहीचा रेघी कागद घे आणि रेघेवर नुसती सुई चालव. भोकं रेघेवर पडली पाहिजेत. मग पेन्सिलनं चौकोन काढ, कोपऱ्यावर सुई कागदात खाली ठेवून फूट (सुईजवळचा कापड दाबणारा पाय) उचल, कागद वळव, फूट टेकव आणि पुढं जा. मग वर्तुळ. कागदानं सुई बोथट होते, म्हणून ती सुई वेगळी ठेव. पायडलवर पाय ठेवला की चाक आपल्याकडं फिरलं पाहिजे. उलटं फिरलं की दोरा अडकतो आणि तुटतो. सुरुवातीचा चाकाला हात नेहमी आपलाच, पाय त्याच्यामागून.

मग उशीचा अभ्रा. आपली उशी साधारण १७ बाय २७ इंच असते. रुंदीला दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच माया (शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड) धर, म्हणजे १८ इंच. लांबीला २७ आणि २७, आत वळणाऱ्या झाकणीचे ६, दोन टोकांच्या दुमडीचे एक-एक इंच, झाले ६२. म्हणजे ३६ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडात शेजारी-शेजारी दोन अभ्रे बसतात. पावणेदोन मीटर सुती पॉपलीन आण, रात्रभर पाण्यात घाल, वाळव, इस्त्री कर आणि मगच काप. माझं सगळं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलं, कोरं सुती कापड पहिल्या पाण्याला आटतं हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. पण क्लासच्या मुली दरवर्षी इथंच फसायच्या.

दोन्ही टोकं दुमडून टीप मार. आता ६० इंच राहिले. सुलट बाजू वर करून पसर. एका टोकाकडून २७ इंचांचा भाग बाकीच्यावर उलट, मग पलीकडं ६ इंच उघडे राहतील ते त्याच्यावर दुमड. दोन्ही लांब कडांना अर्ध्या इंचावर टीप, सुरुवातीला आणि शेवटी दोन-तीन टाके मागं घेऊन. उलटवलंस की झाकणी आपोआप आत जाते. एवढ्या कामात सरळ टीप, दुमड, कोपरा आणि मोजमाप, चारही गोष्टी हाताखालून जातात. असे सहा अभ्रे शिव. घरात सहा उशा नसतील तर शेजारी दे.

त्यानंतर ब्लाऊज, आणि तोही विकतच्या मापानं नको. तुला अगदी नीट बसणारा एखादा जुना सुती ब्लाऊज कपाटात असेलच, काखेत विरलेला. तो उसव, पण निम्माच. उजवी बाजू उसव आणि डावी जशीच्या तशी ठेव, म्हणजे कुठलं शिवण कशावर बसतं ते बघायला समोर राहील. आधी बाही काढ, मग बगल, मग खांदा, शेवटी टक्स. उसवण्याआधी टक्सच्या टोकाला रंगीत दोऱ्याचा एक टाका घालून ठेव, नाहीतर नंतर जागा सापडत नाही. इस्त्री वरून दाबायची, ओढायची नाही. गळा आणि मुंढा उरेब, म्हणजे धाग्याला तिरके, असतात, इस्त्रीबरोबर ताणले की माप गेलं. मग तुकडे ब्राऊन पेपरवर ठेवून कडेनं पेन्सिल फिरव आणि उभ्या धाग्याची रेघ प्रत्येक तुकड्यावर काढ. पाठ अखंड असते, ती मधोमध दुमडून अर्धीच आख. उसवलेल्या तुकड्यात माया आधीच आहे, ती पुन्हा धरू नकोस. नवशिक्या इथं हटकून दुसऱ्यांदा माया सोडतात आणि ब्लाऊज गोणीसारखा होतो.

हुकपट्टी मात्र दोन्ही बाजूंची वेगळी असते. एकीकडं पट्टी आत वळते, दुसरीकडं आयांसाठी, म्हणजे हुक अडकतात त्या कड्यांसाठी, बाहेर राहते. तेवढं डाव्या बाजूकडं बघून लिहून ठेव.

या कागदावरून पहिला ब्लाऊज मांजरपाटाचा किंवा जुन्या चादरीचा शिव. हुक नकोत, सेफ्टी पिना लाव आणि आरशासमोर हात वर करून बघ. बगलेला, तुकड्यातली आधीची धरून, दीड इंच माया असू दे. आपल्याकडं जादा सोडलेल्या कापडाला माया म्हणतात तो शब्द मला फार आवडतो. अंग भरलं, बाळंतपण झालं, तरी तोच ब्लाऊज उसवून सैल करता येतो.

सिल्कचे ते तीन पीस टाकू नकोस. त्यांच्या दोन-दोन इंचांच्या उरेब पट्ट्या काप. गळ्याच्या पायपिनीला लागतील.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला शिवायची फार हौस. मशीनवर बसवू का?
– एक आई, चिपळूण

अजून नको. बोट सुईखाली जायला क्षण लागत नाही. आधी हातसुई द्या, मोठ्या नाक्याची, आणि दोरा कोपरापर्यंतच. मुलं त्याहून खूप लांब दोरा ओवतात, मग गाठी पडतात आणि कंटाळून सोडून देतात. चौकड्याच्या जाड सुती कापडावर धावदोरा घालायला लावा, चौकटीच्या रेघेवर. मग बटण लावणं, आणि बटणाखाली एक आगकाडी ठेवून. टाके झाल्यावर काडी काढायची आणि दोऱ्याला खालून तीन-चार वेढे द्यायचे, म्हणजे बटणाला उंची मिळते आणि काज सहज बसतं. तिच्या बाबांच्या शर्टाचं तुटलेलं बटण तिलाच लावू द्या. तो शर्ट घालून बाबा बाहेर गेले की बघा तिचा चेहरा.

कोणतं मशीन घ्यावं? गावात लाइट जाते. मोफत शिलाई मशीन मिळतं असे मेसेज येतात, ते खरे का?
– एक वाचक, जत

लाइट जात असेल तर पायाचं काळं सरळ टिपेचं मशीन घ्या. शिकायलाही तेच बरं, कारण वेग आपल्या पायात राहतो. झिगझॅगचं पुढं बघता येईल. जुनं घेत असाल तर चाक एका बोटानं फिरतं का, सुई भोकाच्या मधोमध उतरते का आणि शटलच्या घरात (खालचा दोरा बसतो तिथं) गंज आहे का, एवढं बघा. सोबत नेलेल्या दुहेरी सुती चिंधीवर टीप मारा. वरून आणि खालून सारखी दिसली पाहिजे. खाली दोऱ्याचा गुंता झाला तर लगेच मशीनला दोष देऊ नका. बहुतेक वेळा वरचा दोरा ताणाच्या चकत्यांत बसलेला नसतो. फूट वर उचलून दोरा पुन्हा ओवा. फूट वर असताना चकत्या सैल होतात. सुईला ज्या बाजूनं लांब खाच असते त्याच बाजूनं दोरा घालायचा. रोजच्या सुती कापडाला १४ नंबरची सुई (पाकिटावर ९०/१४ असतं), मऊ पातळ कापडाला ११, जीन्सला १६.

मेसेजचं म्हणाल तर त्यातल्या लिंकवर आधार क्रमांक किंवा ओटीपी मुळीच देऊ नका. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे, प्रशिक्षण आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदतही. पण ती आधीपासून या कामावर पोट भरणाऱ्या कारागिरांसाठी आहे, नव्यानं शिकणाऱ्यांसाठी नाही.

नमस्कार. मी ६३ वर्षांचा निवृत्त गृहस्थ. पत्नी जाऊन दोन वर्षं झाली. तिचं पायाचं मशीन तसंच पडून आहे. मुलीला बाळ होणार आहे. तिच्या आईनं शिवली असती ती दुपटी मी शिवावीत असं मनात आहे. चौकशी केलेल्या क्लासमध्ये फक्त बायकांना घेतात असं सांगितलं. मशीनचं चाकही फिरत नाही. ड्रॉवरमध्ये तिची कात्री, टेप आणि अर्धी भरलेली गुलाबी दोऱ्याची बॉबिन आहे. या वयात शिकता येईल का?
– एक वाचक, नाशिक

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. येईल, नक्की येईल. क्लासवाल्यांनी तसं सांगायला नको होतं. आपल्या गावागावांत शिंपी पुरुषच असत, आणि नामदेव महाराजही शिंपीच.

चाक जोर लावून फिरवू नका. खालची सरकती पट्टी बाजूला करा, बॉबिन केस काढा आणि शटलभोवती दोऱ्याचे तुकडे अडकलेत का ते चिमट्यानं बघा. पुष्कळदा कारण एवढंच असतं. दुसरं कारण तेलाचं. घरात कुणी खोबरेल घातलं असेल तर ते थंडीत थिजतं, पुढं चिकट होतं आणि सगळे सांधे धरतात. आमच्या आईचं मशीन असंच अडकलं होतं, मिस्त्रीनं सगळे सांधे धुऊन काढले तेव्हा कुठं सुटलं. मशीनचंच पातळ तेल आणा, प्रत्येक भोकात एक-एक थेंब घाला, रात्रभर राहू द्या आणि सकाळी हातानं हळूहळू चाक हलवा. नाही हललं तर मिस्त्रीला बोलवा. कातडी पट्टा सैल झाला असेल तर अर्धा इंच कापून तारेची क्लिप पुन्हा बसवतात, तेही तोच करून देईल. नंतर पहिली टीप चिंधीवर मारा, जादा तेल तिच्यात उतरतं.

वर अभ्र्याचं सांगितलंय, ते तुम्हीही एकदा करा. मग दुपटं. बाळाला नवं कापड टोचतं, म्हणून आपल्याकडं जुन्या सुती लुगड्याचंच दुपटं करतात. पत्नीच्या पातळांतलं एखादं मऊ, धुऊन-धुऊन विरळ झालेलं निवडा. काठ आणि पदर ठेवून द्या, मधल्या भागाचे ३६ बाय ३६ इंचांचे दोन तुकडे फाडा. हो, फाडा. कात्रीपेक्षा धाग्यावर फाडलेलं सुती कापड सरळ निघतं. सुलट बाजू आत घेऊन चारी कडांना अर्ध्या इंचावर टीप मारा, एका कडेला वीतभर तोंड सोडा. कोपऱ्यांची टोकं तिरकी छाटा, टिपेला लागू न देता. त्या तोंडातून उलटवा, कोपरे पेन्सिलीच्या मागच्या टोकानं बाहेर काढा, इस्त्री करा आणि कडेनं पाव इंचावर पुन्हा एक टीप फिरवा. सोडलेलं तोंड त्याच टिपेत बंद होतं.

टाचण्या लावण्याआधी मोजा, काढल्यावर पुन्हा मोजा. बाळाचं कापड आहे, एकही आत राहता कामा नये. बटण, मणी, लेस काही लावू नका.

आणि त्या गुलाबी बॉबिनवर दुसरा दोरा गुंडाळू नका. जुन्यावर नवा दोरा घेतला की तो सुटताना अडकतो. दुकानात त्याच मापाच्या नव्या बॉबिन मिळतात, नमुना म्हणून ही दाखवा, चार-सहा घेऊन या आणि हिला परत तिच्या जागी ड्रॉवरमध्ये ठेवा.