तोरा हा धर्मग्रंथ एकच असताना काही ज्यू कर्मठ आणि काही सैल का?

निव्वळ तोरा कोणीच पाळत नाही. पाळला जातो तो त्याचा लावलेला अर्थ. आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मूळ कोकणातले मराठी ज्यू, असल्यामुळे आमच्या घरातल्या मटणाचेच उदाहरण देतो.

करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोरामध्ये तीनदा येते. तिच्यावरून तालमुद या धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या रब्बींनी (धर्मपंडितांनी) मांस आणि दूध एकत्र न खाण्याचा सविस्तर नियम उभा केला आणि दूध न देणारी कोंबडीसुद्धा त्यात ओढली. कोकणातल्या आमच्या पूर्वजांकडे शतकानुशतके तालमुद नव्हता. तरी शनिवारी, म्हणजे शब्बाथ या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत.

आमच्याकडे मटण नारळाच्या दुधात शिजते. बारा वर्षांपूर्वी इस्राएलमधल्या लोदहून आलेल्या माझ्या चुलतभावाने, जो तिकडे गेल्यावर कर्मठ झाला, तो पांढरट रस्सा पाहताच ताट बाजूला सारले आणि जन्मभर मटणाची व दुधाची भांडी वेगळी ठेवणाऱ्या माझ्या आईला, "काकू, पाहणाऱ्याला हे दूधच वाटेल, तुम्हाला हलाखा (धर्मनियम) ठाऊक नाही," असे सुनावले. आई त्या दिवशी जेवली नाही.

पुढे मी शोध घेतला, तेव्हा सोळाव्या शतकातल्या 'शुल्हान आरुख' या ज्यू धर्मनियमांच्या संहितेवर पोलंडमधल्या क्राकूच्या रब्बी मोशे इस्सर्लेस यांची टीप सापडली: मांस बदामाच्या दुधात घातले, तर गैरसमज टळावा म्हणून शेजारी बदाम ठेवावेत. म्हणजे पातेल्याजवळ एक करवंटी ठेवली असती, तर भागले असते! माझ्या मते अर्धवट वाचलेला कर्मठपणा हा सैलपणाहून वाईट.

ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरानिष्ठ, मंडळी हलाखा बंधनकारक मानतात, रिफॉर्म, म्हणजे सुधारणावादी, मंडळी निर्णय बराचसा व्यक्तीवर सोडतात. आणि ऑर्थोडॉक्सांतही मांसानंतर दूध घेण्याआधी कोणी सहा तास थांबतो, तर डच परंपरेचा माणूस एकच तास. भावावर अन्याय नको म्हणून हेही सांगतो की तो शब्बाथला फोनला हात लावत नाही आणि मी सिनेगॉगला स्कूटरवरून जातो, तेव्हा मिश्ना या जुन्या नियमसंग्रहातल्या, शब्बाथला निषिद्ध असलेल्या ३९ कामांच्या हिशेबात मीच हरतो. तरीही कोणाच्या घरी ताट सारण्याआधी दूध कशाचे आहे, एवढे तरी विचारावे.

आई गेल्यानंतर मी ती टीप त्याला पाठवली. त्याने उलट कळवले की ती बदामांविषयी आहे, नारळाविषयी नाही.