पापण्या जांभळ्या, हात वर जात नाहीत

प्रश्न : आम्ही तासगाव तालुक्यातले द्राक्षबागायतदार. आईचे वय ४८. तीन महिन्यांपासून तिच्या पापण्यांवर आणि बोटांच्या सांध्यांवर जांभळट-लाल चट्टे आहेत. फवारणीच्या औषधाची ॲलर्जी समजून मलम लावले. आता मांडवाखाली विरळणी करताना तिचे हात वर राहत नाहीत, वेणीही घालता येत नाही. रक्तात एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले निघाल्याने काविळीचे पथ्य सुरू आहे. नेमके काय असावे?

उत्तर : चट्टे आणि अशक्तपणा आपण एकाच पत्रात लिहिलेत, हे फार बरे झाले, कारण या दोन तक्रारी वेगवेगळ्या डॉक्टरांकडे गेल्या की निदान लांबते. ही लक्षणे एकत्र दिसली, की डर्मॅटोमायोसायटिसचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच त्वचेवर आणि स्नायूंवर हल्ला करण्याच्या आजाराचा, विचार आधी करावा लागतो. एसजीओटी आणि एसजीपीटी ही एन्झाइम (विकरे) यकृताप्रमाणे स्नायूंतही असतात. स्नायूंना इजा झाली तरी रक्तातले त्यांचे प्रमाण वाढते. तेव्हा बिलिरुबिन आणि जीजीटी या यकृताच्या तपासण्या नॉर्मल असतील, तर पथ्यात आणखी दिवस न घालवता सीपीके (स्नायूंना इजा झाल्यावर रक्तात वाढणारे एन्झाइम) तपासून घ्यावे आणि ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे संधिवात व अशा प्रतिकारशक्तीच्या आजारांच्या तज्ज्ञांना, दाखवावे.

पुढे ईएमजी (स्नायूंतील विद्युत-क्रियेची तपासणी), मांडीचा एमआरआय, रक्तातील अँटिबॉडीची (प्रतिपिंडांची) तपासणी आणि गरज पडल्यास स्नायूची बायॉप्सी (छोटा तुकडा काढून तपासणे) होते. छातीचा सीटी स्कॅनही करावा, कारण अँटि-एमडीए-५ ही अँटिबॉडी असलेल्या काही रुग्णांत स्नायू जवळजवळ ठीक असतात, पण फुप्फुसे झपाट्याने बिघडतात. प्रौढ रुग्णांत या आजारासोबत कधीकधी कर्करोग लपलेला असतो, विशेषतः निदानाच्या आगेमागे तीन वर्षांत. त्याची तपासणी सांगितली तर घाबरू नका, पण टाळूही नका.

उपचारात सुरुवातीला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, बहुधा दर किलो वजनामागे रोज सुमारे १ मिलिग्रॅम, आणि सोबत मेथोट्रेक्सेट किंवा ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती आवरणारे औषध देतात. तेवढ्याने भागले नाही तर शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (रक्तदात्यांच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडे). मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतल्याने जीव गेल्याची उदाहरणे आहेत, म्हणून गोळीचा वार पाकिटावर ठळक लिहून ठेवा. चेहरा गोल झाला म्हणून स्टेरॉइड एकाएकी बंद करू नका. उन्हाने चट्टे भडकतात, त्यामुळे आईंनी दुपारी बागेत जाऊ नये. सनस्क्रीन आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हलका व्यायाम मात्र सुरू ठेवावा.

गिळताना ठसका लागू लागला, पाणी नाकातून आले किंवा चालताना धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी मिरजेला किंवा सांगलीला मोठ्या रुग्णालयात न्यावे.