मुलगी साडेतीन वर्षांची, ठाण्यात नुकतीच नर्सरी सुरू झालीय, रोज गेटवर रडते. काय करावं?

निरोप छोटा ठेवा, पण चोरून निघू नका. ‘डबा खाऊन झाला, गाणी झाली की मी गेटवर’ एवढं सांगा आणि पाठ फिरवा. मी वर्तकनगरला बालवाडीत शिकवते. दर जूनला बघते: आई खिडकीतून डोकावत राहिली की रडं लांबतं, ती गेली की बहुतेक मुलं 10-15 मिनिटांत ठोकळ्यांकडे वळतात. नजर चुकवून सटकलेल्या आईची ओढणी मात्र दुसऱ्या दिवशी सुटता सुटत नाही. भीती शाळेची कमी, तुम्ही परत याल की नाही याची जास्त. म्हणून घ्यायला उशीर नको. घोडबंदरचं ट्रॅफिक धरूनच निघा. सोमवारी पुन्हा रडेल, ते चालायचंच. पण महिना उलटूनही जेवण-झोप बिघडलेली असेल, तर टीचरशी आणि बालरोगतज्ज्ञांशी बोला.